महंमदाचा मधुमति कसा झाला

‘मोहम्मद नावाचा अर्थ’ असं फोनवर शोधलं की पहिल्याच पानावर उत्तर मिळतं: स्तुत्य, प्रशंसनीय. त्याच्याखाली लकी नंबर, लकी रंग, लकी वार. बाळांच्या नावांच्या सगळ्या साइट्स अशाच असतात. आर्यन असो, रेहान असो की जोएल, एका ओळीत अर्थ सांगून पान पुढं सरकतं. त्या एका ओळीत चूक काहीच नाही. पण या नावाला आपल्याच किनाऱ्यावर हजार वर्षांहून जुनी एक पार्श्वभूमी आहे, आणि तिचा सगळ्यात जुना पुरावा पालघर जिल्ह्यात सापडलेला आहे. मी वसईत होळीला राहतो. इथून रिक्षानं वसई रोड स्टेशन, तिथून डहाणू लोकलनं वाणगाव आणि तिथून पश्चिमेला समुद्राकडं गेलं की चिंचणी. तो पुरावा या चिंचणीचा आहे. तिथपर्यंत जाऊच, पण आधी नाव नीट वाचून घेऊ.

तीन अक्षरं आणि एक जोड

अरबी भाषेत बरेचसे शब्द तीन व्यंजनांच्या मुळातून तयार होतात. क-त-ब या मुळातून किताब, कातिब, मकतब. तसंच ह-म-द हे मूळ घ्या. हम्द म्हणजे स्तुती. यातून हमीद, हामिद, महमूद, अहमद आणि मुहम्मद अशी नावं निघतात. म्हणजे अहमदाबाद आणि कालपरवापर्यंतचं अहमदनगर याच कुटुंबातली. मुळाक्षरं तीच, साचा वेगळा, आणि साच्याप्रमाणे अर्थाची छटा बदलते. महमूद म्हणजे ज्याची स्तुती झाली तो. मुहम्मद म्हणजे ज्याची पुन्हा पुन्हा, भरभरून स्तुती होते तो.

हे ‘पुन्हा पुन्हा’ कुठून आलं? मधल्या जोडाक्षरातून. अरबीत मधलं व्यंजन दुप्पट केलं की क्रियेला जोर येतो किंवा ती वारंवार घडल्याचा अर्थ येतो. म्हणून ‘मोहम्मद’ लिहिताना जो म्म येतो ती स्पेलिंगची हौस नाही. नावाचा निम्मा अर्थ त्यात आहे.

इसवी सन ५७०च्या सुमारास मक्केत एक मुलगा जन्मला. वडील अब्दुल्ला त्याच्या जन्माआधीच वारले होते. परंपरा सांगते, की आजोबा अब्दुल मुत्तलिब यांनी हे नाव ठेवलं. अरबस्तानात तेव्हा हे नाव फारसं प्रचलित नव्हतं. कुराणात ते चार ठिकाणी येतं आणि अहमद हे रूप एकदा. सत्तेचाळिसाव्या सूरेचं नावच ‘मुहम्मद’ आहे. माझं नाव ठेवा, पण माझी ‘अबुल कासिम’ ही उपाधी घेऊ नका, असं पैगंबरांनी सांगितल्याची हदीस आहे. त्यामुळं नाव ठेवायला मुभा होतीच, आणि लोकांनी ते इतकं ठेवलं की आज जगातल्या सर्वाधिक प्रचलित नावांत ते मोडतं.

मात्र बऱ्याच घरांत ते हाक मारायचं नाव नसतं. पोराचं नाव मोहम्मद सलीम असतं, आई हाक मारते सलीम. पुढचं मोहम्मद आशीर्वादासारखं लावलेलं असतं. पोरावर ओरडताना ते नाव तोंडी येऊ नये, हाही त्यामागचा एक भाव. तुर्कांनी यावर वेगळा तोडगा काढला: मुलांसाठी मेहमेत हे रूप, आणि पैगंबरांचा उल्लेख करताना मूळ रूप. पश्चिम आफ्रिकेत तेच नाव मामादू झालं, कॉकेशसमध्ये मागोमेद झालं. प्रत्येक भाषेनं आपापल्या जिभेप्रमाणं ते वळवून घेतलं.

एम ५३०

या नावाकडं माझं लक्ष गेलं ते धर्मामुळं नाही आणि इतिहासामुळंही नाही. ते कामामुळं गेलं. मी सॉफ्टवेअर लिहितो, आणि त्यातलं एक कंटाळवाणं काम म्हणजे नावं जुळवणं. एका यादीतला माणूस आणि दुसऱ्या यादीतला माणूस एकच आहे का, हे कॉम्प्युटरला ओळखायला लावायचं. आधार कार्डावर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं. देशपांडे आणि देशपांदे आम्हीही जुळवतो. पण या एका नावाइतकी रूपं मी दुसऱ्या कुठल्याच नावाची पाहिलेली नाहीत. मोहम्मद, मुहम्मद, मोहमद, महंमद, महम्मद, आणि इंग्रजी फॉर्मवर जागा वाचवण्यासाठी केलेलं ‘मोहड’ असं चार अक्षरी संक्षिप्त रूप. फॉर्ममध्ये पहिलं नाव आणि आडनाव असे दोनच रकाने असतात, म्हणून हे चार अक्षरी रूप पहिल्या रकान्यात जातं, आणि सिस्टिमच्या लेखी त्या माणसाचं नावच ‘मोहड’ होतं. मग मेसेज येतो: प्रिय मोहड.

पॅट्रिक मॅकेन्झी नावाच्या प्रोग्रामरनं २०१०मध्ये एक यादी लिहिली होती. माणसांच्या नावांबद्दल आम्ही प्रोग्रामर लोक काय काय गृहीत धरतो आणि ते कसं खोटं असतं, याची. प्रत्येकाला एकच अधिकृत नाव असतं, ते बदलत नाही, ते एकाच पद्धतीनं लिहिलं जातं, वगैरे. आमच्या क्षेत्रात ती यादी अजून वाचली जाते, आणि रकाने अजून दोनच असतात.

नावं जुळवण्याची एक जुनी युक्ती म्हणजे साउंडेक्स. अमेरिकेत १९१८मध्ये तिचं पेटंट घेतलेलं आहे. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, आणि सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. इंग्रजी स्पेलिंगवर ती चालवली तर मोहम्मद होतं एम ५३०. मुहम्मदही एम ५३०. गंमत म्हणजे मेहमेतही एम ५३० आणि मामादूही एम ५३०. इस्तंबूल, डाकार आणि मुंब्रा एका खणात येतात. मोहड मात्र एम ३०० होतो, म्हणजे त्याच माणसाचं कारकुनी रूप त्याच्यापासून तुटतं.

आता याच युक्तीत एक नाव घालून बघा: मधुमति. उत्तर येतं एम ३५३. मशीन सांगतं, हे नाव वेगळं आहे, याचा त्याच्याशी संबंध नाही. ९२६ साली चिंचणीच्या ताम्रपटाचा मजकूर रचणाऱ्या माणसाला मात्र हा संबंध माहीत होता.

शके ८४८

१९५०च्या दशकात चिंचणीला काही ताम्रपट मिळाले. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला २०१४मध्ये. पुरालेखांचे मोठे अभ्यासक दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचले आणि ‘एपिग्राफिया इंडिका’च्या बत्तिसाव्या खंडात छापले. त्यांतला सगळ्यात जुना शके ८४८चा, म्हणजे इसवी सन ९२६चा. भाषा संस्कृत. राजा राष्ट्रकूट घराण्यातला तिसरा इंद्र. वेरूळचं कैलास लेणं ज्यांच्या काळात कोरलं गेलं तेच हे राष्ट्रकूट. राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातलं मळखेड.

राजधानी आत पठारावर आणि बंदरं इकडं दूर किनाऱ्यावर. ती सांभाळायला माणूस हवा. ताम्रपट सांगतो, की इंद्राचा आजा दुसरा कृष्ण यानं संयान मंडलाचा कारभार एका माणसाकडं दिला होता. संयान म्हणजे आजचं संजाण, डहाणूच्या पुढं, गुजरातच्या हद्दीत. पारशी लोकांच्या कथेतलं संजाण हेच. हा माणूस ‘ताजिक’ होता. त्याच्या बापाचं नाव सहियारहार. त्याचं नाव मधुमति, आणि दुसरं नाव सुगतिप.

ताजिक म्हणजे अरब. तय्य नावाच्या एका अरब टोळीवरून इराणी लोक सगळ्याच अरबांना त्या अर्थाचा शब्द वापरायचे. तोच समुद्रमार्गे इकडं आला. हा शब्द तुमच्या घरातही असू शकतो. वर्षफळ काढायच्या ज्योतिषपद्धतीला ‘ताजिक’ म्हणतात ते यावरूनच. सहियारहार म्हणजे शहरयार, हे अस्सल फारसी नाव. आणि मधुमति म्हणजे मुहम्मद. सरकारांनी हे जुळवून दाखवलं, आणि पुढच्या अभ्यासकांनी ते मान्य केलं.

पैगंबरांचं निधन ६३२ साली झालं. त्यानंतर तीनशे वर्षंही पुरी झाली नव्हती, आणि आपल्या किनाऱ्यावर त्यांच्या नावाचा एक माणूस संस्कृत ताम्रपटात अधिकारी म्हणून हजर होता.

त्यानं केलं काय? ताम्रपटात आधी पराक्रम येतो. आसपासच्या बंदरांच्या प्रमुखांना त्यानं नमवलं आणि तिथं आपली माणसं बसवली. म्हणजे हा गोड गोष्टीतला सज्जन परदेशी पाहुणा नव्हता. राजासाठी बंदरं आणि त्यांचं उत्पन्न ताब्यात ठेवणारा तो सुभेदार होता. मग लोकोपयोगी कामं येतात. संजाणजवळच्या दोन प्रवाहांवर त्यानं मोफत होडी सुरू केली. एक अन्नछत्र काढलं, तिथं साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळायचं. आणि मुख्य दान असं: अण्णैय नावाच्या ब्राह्मणानं तिथं एक मठिका बांधली होती, तिथं देवीची पूजा चालायची. अण्णैयाच्या विनंतीवरून आणि राजाच्या संमतीनं या मधुमतीनं त्या मठिकेला एक गाव आणि आणखी थोडी जमीन दिली. देवीच्या नैवेद्यासाठी, मठिकेच्या दुरुस्तीसाठी आणि तिथल्या विद्वानांच्या जेवणासाठी.

कुठल्याही बाजूच्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डमध्ये हा माणूस बसत नाही. एका फॉरवर्डला तो देवीला गाव देतो हे अडचणीचं, दुसऱ्याला तो बंदरं जिंकतो हे अडचणीचं. पण सत्ता, व्यापार आणि देवधर्म हे त्या किनाऱ्यावर एकमेकांत मिसळलेलेच होते. राष्ट्रकूटांना समुद्रापलीकडचा व्यापार हवा होता, तो अरब-इराणी लोकांच्या हातात होता. अरब प्रवासी राष्ट्रकूट राजाला ‘बल्हरा’ म्हणायचे, ‘वल्लभराज’चं ते अरबी रूप, आणि हा राजा आपल्या लोकांना चांगलं वागवतो असं आवर्जून लिहायचे.

दही, गहू आणि मोह

मुहम्मदचं मधुमति का झालं? ऐकायला न आल्यामुळं? मला तसं वाटत नाही. मराठी शाळेत तत्सम-तद्भव शिकलेल्या कुणालाही हे कोडं सोडवता येईल.

संस्कृतातून प्राकृतात आणि पुढं मराठीत येताना शब्दांच्या मधल्या ‘ध’चा ‘ह’ होतो. दधि, दही. गोधूम, गहू. बधिर, बहिरा. वधू, वहू. आणि मधु, महु. पालघरच्या वारली पाड्यांवर ज्याची फुलं वेचतात ते मोहाचं झाड संस्कृतात मधूक आहे. तिथंही ‘ध’ जाऊन ‘ह’ आला.

आता दहाव्या शतकातला मजकूर लिहिणारा पंडित डोळ्यांसमोर आणा. त्याच्या कानांवर रोज प्राकृत-अपभ्रंश बोली पडते आणि लिहायचं मात्र त्याला संस्कृतात. त्यामुळं ‘ह’चा ‘ध’ करणं हा त्याचा रोजचा उद्योग. कुणी दही म्हटलं की त्यानं दधि लिहायचं. अशा माणसासमोर ‘महुमद’च्या जवळपास काहीतरी उच्चार येतो. त्याच्या कानाला ‘महु’ म्हणजे मधच. मग त्याचं संस्कृत रूप मधु. राहिला ‘मद’, त्याचा केला ‘मति’. मधुमति, ज्याची बुद्धी मधासारखी आहे तो. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यानं नेहमीचं फंक्शन उलटं चालवलं. इनपुट अरबी होतं, एवढाच फरक.

मूळ अर्थ गेला. जोड म गेला, त्यातली ‘पुन्हा पुन्हा’ची छटाही गेली. पण जागेवर जो अर्थ आला तो चांगलाच आला. हा योगायोग असेल का? संस्कृत लिहिणारे परकी नावं मुद्दाम वाईट अर्थाचीही करू शकले असते. इथं समोरचा माणूस वरिष्ठ होता, दाता होता, म्हणून नाव शोभेलसं केलं, असंही म्हणता येईल. काहीही असो, त्याला संस्कृतात बसेल असं नाव मिळालं, आणि बापाचं शहरयार हे नाव जवळजवळ तसंच राहिलं.

शिवाय हे एकदाच झालं नाही. याच चिंचणीच्या ताम्रपटांत १०३४ सालचा एक आहे, शिलाहारांच्या काळातला. त्यात मठिकेला तेलाचा घाणा दिल्याची नोंद आहे. दिव्याला तेल लागतं, आणि येणाऱ्या विद्वानांच्या पायांना लावायलाही. दानाची वर्दी ज्यांना दिली त्यांत संजाणचे व्यापारी आहेत, आणि त्यांत अल्लिय, महर, मधुमत अशी नावं एका ओळीत येतात. अली, मिहर, मुहम्मद. गोव्याच्या कदंब राजांच्या अकराव्या शतकातल्या ताम्रपटात एक ताजिक घराणं भेटतं, त्यात मदुमद आहे. त्याच घराण्यातला पुढचा माणूस कदंबांचा अधिकारी झाला, आणि त्याच्या मशिदीला लेखात ‘मिजिगिती’ म्हटलंय. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ, संजाणपासून गोव्यापर्यंत, या नावाचं ‘मधु’ किंवा ‘मदु’नं सुरू होणारं एक ठरलेलं रूप होतं. किनाऱ्याला ते नाव पाठ झालं होतं.

तीन लेख, तीन माणसं

किनाऱ्यावरच्या या लोकांचं वर्णन अरबी लेखकांनीही केलंय. अल-मसूदी ९१६ साली चौलला आला होता. आपल्या ताम्रपटाच्या दहाच वर्षं आधी. तिथं शिलाहार राजा झंझ राज्य करत होता. चौलला सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असं मसूदी लिहितो. सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे, आणि इथंच जन्मलेलेही. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजानं नेमलेला असायचा. त्या वेळी तो होता मारूफ, झकरिया नावाच्या माणसाचा मुलगा. झकरिया हे आणखी एका पैगंबराचं नाव.

सगळंच शांततेत आलं असं नाही. खलीफा उमरच्या काळात, ६३६च्या सुमाराला ठाण्यावर अरबांची आरमारी मोहीम आल्याची नोंद नवव्या शतकातला इतिहासकार बलाझुरी करतो. खलिफाला ती आवडली नाही, असंही तोच सांगतो. आणि गझनीचा महमूद सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानं १०२६च्या सुरुवातीला सोमनाथ लुटलं. दोन वर्षांच्या आत लाहोरच्या टांकसाळीतून त्याचं चांदीचं नाणं निघालं, एका बाजूला अरबी, दुसऱ्या बाजूला शारदा लिपीत संस्कृत. त्यावर कलम्याचं भाषांतर आहे: ‘अव्यक्तमेकं मुहम्मद अवतार नृपति महमूद’. एकच देव आहे, याला ‘अव्यक्त एक आहे’. मुहम्मद त्याचे प्रेषित आहेत, याला ‘मुहम्मद अवतार’. इस्लामच्या दृष्टीनं पैगंबर हा माणूस असतो, देवाचा अवतार कधीच नसतो. तरी नाणं काढणाऱ्यांना लोकांना कळेल असा तोच शब्द जवळचा वाटला. एका नाण्यावर ह-म-द मुळाची दोन नावं: एक प्रेषिताचं, एक सुलतानाचं.

मग १२६४चा वेरावळचा शिलालेख. होर्मुझहून आलेला नूरुद्दीन फिरूज हा नाखवा सोमनाथ पाटणला मशीद बांधतो, आणि तिच्या खर्चाची सोय करतो. जमीन स्थानिक लोकांच्या मदतीनं मिळते, आणि संमती देणाऱ्या पंचकुलात सोमनाथचा पाशुपत आचार्य आहे. सोमनाथ लुटल्याला तेव्हा अडीचशेच्या आसपास वर्षं झाली होती. संस्कृत लेखात सुरुवातीला देवाला विश्वनाथ म्हटलंय, आणि मग चार कालगणना दिल्यात. पहिली हिजरी ६६२, पण ती लिहिलीय रसूल महंमद यांच्या संवताची म्हणून, आणि महंमदांना ‘बोधक’, म्हणजे बोध करणारा, असं विशेषण लावलंय. तिच्या शेजारी विक्रम संवत १३२०, वलभी ९४५ आणि सिंह संवत १५१. एकाच दिवसाची तारीख चार घड्याळांत.

अधिकाऱ्याचा ताम्रपट, विजेत्याचं नाणं, नाखव्याचा शिलालेख. तिन्हीत एकच नाव आहे आणि तिन्ही वेळा ते वेगळं वागलंय. नावावरून माणूस ओळखता येत नाही, याला आणखी पुरावा कशाला हवा?

मराठीतला महंमद

मराठीत हे नाव स्थिरावलं ते ‘महंमद’ म्हणून, अनुस्वारासकट. त्या अनुस्वारानं दुसऱ्या वाटेनं जोड म परत आणला. श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठी संतकवी होते. त्यांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ १६४५ साली पुरा केला, विषय योग आणि आत्मज्ञान, भाषा मराठी. त्यांचे गुरू चांद बोधले. शेख महंमदांना मालोजी भोसल्यांनी गुरू मानलं असं सांगतात. याच मालोजींनी नगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही गोष्ट तर आपण शाळेपासून ऐकतो. म्हणजे शिवाजी महाराजांच्या वडिलांचं नाव एका सुफी पिरावरून आलंय. ते नाव आज कुणालाही परकं वाटत नाही. त्याला ‘जी’ लागला आणि ते आपलं झालं.

वसईत राहणाऱ्याला हे वेगळं सांगायची गरज पडू नये. इथं तुस्कानो आडनावाची माणसं आहेत. तुस्कानो म्हणजे इटलीतल्या टस्कनीचा. फ्रान्सिस या नावाचा मूळ अर्थ ‘फ्रेंच माणूस’, आणि आमचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०च्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६मध्ये बांधणारे बेने इस्रायली सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे घरच्या भाषेत सामाजी हसाजी दिवेकर होते. सॅम्युएलचा सामाजी ज्या कोकणानं केला, त्यानंच मुहम्मदचा मधुमत केला होता.

तरीही ‘नावं तरी इथली ठेवा’ हे वाक्य फक्त एका प्रकारच्या नावांना ऐकावं लागतं. फोनवर नाव सांगेपर्यंत भाड्याचा फ्लॅट रिकामा असतो, नाव सांगितलं की तो ‘कालच गेला’. माझ्या ओळखीतले काही जण फोनवर आधी आडनाव सांगतात. आडनाव गावावरून असलं आणि शेवटी ‘कर’ असलं की पाच मिनिटं जास्त बोलणं होतं. मग ओळखपत्र मागितलं जातं. या वाक्यामागं एक समज आहे, की इथल्या भाषेत ही नावं कधी रुजलीच नाहीत. ती समज पुराव्याला धरून नाही. मराठीतला सगळ्यात जुना म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो श्रवणबेळगोळचा लेखही दहाव्या शतकाच्या अखेरचा मानतात. मधुमतीचा ताम्रपट त्याच्याही आधीचा आहे.

आणि ‘बाहेरचं’ म्हणजे तरी कुठलं? इब्राहीम, इस्माईल, याकूब, युसूफ ही नावं अरबी व्याकरणातच परकी मानली जातात. अरबी नामाला शेवटी जे प्रत्यय लागतात त्यांतले काही या नावांना लागत नाहीत, कारण ती बाहेरून आलेली. हा नियम आठव्या शतकात ज्यानं मांडला तो सीबवेह स्वतः इराणी होता. मुहम्मद हे नाव मात्र अरबी, म्हणून त्याला सगळे प्रत्यय लागतात. परकेपणाची नोंद व्याकरणानंही ठेवली, पण प्रत्ययापुरती. घर द्यायचं की नाही हे त्यावरून ठरत नव्हतं.

आमच्या कामात आम्ही आता एक करतो: माणसाचं नाव तो जसं लिहील तसं ठेवतो, एकाच रकान्यात, आणि बाकीची रूपं त्याच्यामागं जोडून ठेवतो. एक अक्षर इकडंतिकडं झालं म्हणून अर्ज परत जाऊ नये एवढाच हेतू. मोठा शोध नाही तो. चिंचणीच्या ताम्रपटावर रकानेच नव्हते. लिहिणाऱ्यानं त्या माणसाचं नाव आपल्या भाषेत बसवलं, बापाचं नाव दिलं, जमात लपवली नाही, दुसरं नावही नोंदवलं. मग त्यानं काय केलं ते लिहिलं: दोन प्रवाहांवर फुकट होडी, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला साळीचा भात, कालवण आणि तूप.